एकट्या राहणाऱ्या आईसाठी मांजर निवडताना

प्रश्न थोडक्यात असा: आई 76 वर्षांच्या, कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. वडील जाऊन दीड वर्ष झालं. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हृदयाच्या तक्रारीमुळे रक्त पातळ करण्याची गोळी रोज चालू. घर शाकाहारी. मुलगी सिंगापूरला, मुलगा चिंचवडला. आईंच्या माहेरी मांजरं होती आणि त्यांचे किस्से त्या अजून सांगतात. येत्या वाढदिवसाला पर्शियनचं एक गोंडस पिल्लू त्यांना अचानक नेऊन द्यावं का, असं मुलीने विचारलंय. सोसायटी हरकत घेईल का, हीही धास्ती आहे.

पुण्यात कुत्र्या-मांजरांची डॉक्टर म्हणून माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची मांजरं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. म्हणून आधी उत्तर, मग कारणं. मांजर जरूर आणा. पण पिल्लू आणू नका, पर्शियन आणू नका, आणि अचानक तर मुळीच आणू नका. चार ते आठ वर्षांचं, नसबंदी झालेलं, माणसाळलेलं देशी मांजर शोधा आणि निवड आईंना करू द्या. त्या एका मांजराचा स्वभाव आईंच्या गुडघ्यांना, हातांना आणि डोळ्यांना मानवतो का, हे बघायचं. जात, रंग सगळं त्यानंतर.

पिल्लाचा मोह मला कळतो. पण तीन महिन्यांच्या पिल्लाला हलणारी प्रत्येक गोष्ट शिकार वाटते. घरात हलणारं दुसरं काही नसेल तर ते आईंच्या घोट्यांवर, साडीच्या निऱ्यांवर, काठीच्या टोकावर झेप घेणार. वयाबरोबर कातडी पातळ होते, त्यात रक्ताची गोळी चालू असली की साधा ओरखडासुद्धा बराच वेळ वाहत राहतो आणि हातावर काळेनिळे डाग उमटतात. शिवाय दवाखान्याच्या खेपा. आठव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी तिहेरी लस, बारा आठवडे झाले की रेबीजची, मधून मधून जंताचं औषध, पाच-सहा महिन्यांचं झालं की नसबंदी आणि पुढचे आठ-दहा दिवस टाक्यांवर नजर. हे सगळं ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने, रिक्षात मांजर न्यायचा पिंजरा, म्हणजे कॅरिअर, चढवत-उतरवत करायचं.

अजून एक हिशेब आहे, जो करायला कुणालाच आवडत नाही. घरात राहणारं, नीट खाणारं मांजर सहज पंधरा वर्षं जगतं. अठरा-वीस वर्षांची मांजरंही मी तपासते. आज पिल्लू आणलं तर त्याच्या म्हातारपणी आई नव्वदी ओलांडलेल्या असतील. आणि मांजराचं म्हातारपण कष्टाचं असतं: मूत्रपिंड थकतं, थायरॉइड बिघडतं, सांधे धरतात, रोज औषध द्यावं लागतं. तेच सहा-सात वर्षांचं मांजर आणलं तर त्याची पुढची बरीचशी वर्षं शांत दुपारच्या झोपेची असतात. आश्रयगृहात अशी मांजरं सगळ्यात शेवटपर्यंत मागे राहतात, कारण येणारा प्रत्येकजण पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी थांबतो. तुम्हाला हवं ते मांजर बहुतेक तिथे कोपऱ्यात बसलेलं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोठ्या मांजराचा स्वभाव ठरून गेलेला असतो. पिल्लू पुढे मांडीवर बसणारं होईल की कपाटावर बसून घर बघणारं, हे मलाही सांगता येत नाही. चार वर्षांच्या मांजराबद्दल अर्ध्या तासात बरंच कळतं.

पर्शियनबद्दल. विकणारे ‘पंच फेस’, ‘सेमी पंच’, ‘डॉल फेस’ असे प्रकार सांगतात आणि चेहरा जितका चपटा तितकी किंमत चढते. चपट्या चेहऱ्यामुळे डोळ्यांतून सतत पाणी येतं, ते रोज पुसावं लागतं. नाकपुड्या अरुंद असल्याने एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्यांना धाप लागते. केस रोज विंचरले नाहीत तर काखेत आणि मागच्या पायांत गाठी बनतात, त्या कातडीला ओढ देतात, आणि शेवटी गुंगी देऊन भादरावं लागतं. संधिवाताच्या बोटांनी हे रोज होणार नाही. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार या जातीत इतका पसरला होता की जनुकीय तपासणी येण्याआधीच्या पाहण्यांमध्ये साधारण एक-तृतीयांश पर्शियनांमध्ये तो सापडायचा. शिवाय नायटा या लांब केसांत लपून राहतो आणि माणसाला सहज लागतो. देशी मांजराची आखूड केसांची काया स्वतःची स्वतः स्वच्छ राहते, आपल्या हवेत ते मुरलेलं असतं. देशी मांजर चोरटं, जंगली असतं हा समज घराबाहेर वाढलेल्या मांजरांवरून आला आहे. लहानपणापासून माणसांत राहिलेलं देशी मांजर कुठल्याही जातिवंत मांजराइतकंच लाघवी असतं.

बोका की भाटी, यावर फार अडू नका. नसबंदी झालेले बोके पुष्कळदा जास्त अंगचटीला येतात. पण बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते आणि ती खड्यांनी तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. बोका पुन्हा पुन्हा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कण्हतोय आणि लघवी मात्र होत नाहीये, हे दिसलं की त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठावा लागतो. एकटं राहणाऱ्या माणसाला हे कठीण जातं, म्हणून दोन सारख्याच गुणी मांजरांतून निवडायचं झालं तर मी भाटीकडे झुकते. रंगावरून अंदाज हवा असेल तर तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असते आणि पाच पिवळ्यांपैकी साधारण चार बोके असतात.

रंगाचा एक उपयोग मात्र खरा आहे आणि तो कुणी विचारत नाही. घरातली फरशी कोणती आहे? काळपट कडप्प्यावर काळं मांजर आणि पांढऱ्या टाइल्सवर पांढरं मांजर रात्री दिसत नाही. मोतीबिंदू झालेल्या किंवा होऊन गेलेल्या डोळ्यांना तर नाहीच. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2001 ते 2006 या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा तिथे कुत्र्या-मांजरांमुळे पडून दवाखान्यात यावं लागलेल्यांची संख्या वर्षाला 86 हजारांच्या पुढे निघाली. त्यातले सुमारे 88 टक्के कुत्र्यांमुळे होते. म्हणजे मांजराचा धोका कमी, पण आहे. आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने पडणं परवडत नाही. म्हणून फरशीवर उठून दिसेल असं मांजर, गळ्यात ओढ बसली तर आपोआप सुटणारा पट्टा आणि त्याला बारीक घुंगरू, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर जळणारे दोन छोटे दिवे. आणि मांजराला खायला द्यायची जागा स्वयंपाकाच्या ओट्यापासून दूर. खाण्याच्या वेळी मांजर पायांत घोटाळतं, आणि ओट्याशी उभं असताना हातात उकळता चहा असतो.

आता मांजर बघायला जाल तेव्हा. आईंना बरोबर न्या. फोटो पाठवून पसंती विचारू नका. शक्यतो दुपारी जा, कारण सकाळी साफसफाई आणि खाण्याची गडबड असते. आईंसाठी एक खुर्ची मागून घ्या आणि त्यांना काहीही न करता दहा मिनिटं बसू द्या. जे मांजर आपणहून चालत येतं, शेपटी उभी आणि टोक किंचित वळलेलं, त्याच्याकडे लक्ष द्या. आईंनी एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरायचं. ते हुंगून गाल घासेल तर गालावर, कानामागे तीनेक सेकंद खाजवायचं आणि हात मागे घ्यायचा. इथे थांबून बघायचं. मांजराने डोकं पुन्हा हातापाशी आणलं तर त्याला हवंय. ते शेपटी फटकारू लागलं, पाठीची कातडी थरथरली, कान बाजूला वळले तर त्याला पुरे झालंय, आणि अशा वेळी चालूच ठेवलेला हात त्याने पकडला तर चूक त्याची नाही. आईंनी त्याच्याकडे बघत डोळे सावकाश मिटून उघडावेत. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात दिसलं की असं केल्यावर मांजरं अनोळखी माणसाकडेसुद्धा जास्त सहज येतात. माहेरी मांजरांत वाढलेल्या आईंना हे बहुधा आधीपासून येत असेल.

मग थोड्या अंतरावर स्टीलची एक वाटी फरशीवर पाडा. दचकणार प्रत्येक मांजर. बघायचं ते हे की दचकून ते कुठे जातं आणि किती वेळात परत येतं. मिनिटाभरात परत आलं तर कुकरची शिट्टी, दाराची बेल, गणपतीतले ढोल हे सगळं ते निभावून नेईल. तासभर कपाटामागे राहिलं तर ते वाईट मांजर नव्हे, पण त्याला सावरायला वेळ आणि वाकून वाकून हाका मारणारं माणूस लागेल. शेवटी तिथल्या कार्यकर्त्याला मांजर उचलायला आणि पंजा हलकेच दाबून नखं बाहेर काढायला सांगा. नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापावी लागतात, आणि ते ज्याला चालतं असंच मांजर रक्ताची गोळी घेणाऱ्या माणसाकडे द्यावं. वजनही विचारा. साडेतीन किलोचं मांजर आणि दीड-दोन किलोचं कॅरिअर मिळून पाच किलो होतात. सहा किलोचा बोका असेल तर आठ.

उचलण्याच्या या अडचणीवर माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी काढलेला तोडगा मी आता सगळ्यांना सांगते. त्या सदाशिव पेठेत एकट्या राहतात, हातांना संधिवात आहे. सात वर्षांची, नसबंदीची खूण म्हणून एका कानाचं टोक कापलेली भाटी त्यांनी घेतली. आधीच्या घरच्यांनी शहर बदलताना तिला सोडून दिलं होतं. आजींनी कॅरिअर माळ्यावर टाकलं नाही. ते कायम पलंगाशेजारी उघडं असतं, आत जुन्या सुती साडीची घडी, आणि रात्रीचे शेवटचे चार दाणे रोज त्यातच. माझ्याकडे यायचं असतं त्या दिवशी त्या दाणे टाकतात, ती आत जाते, त्या दार लावतात आणि खालच्या वॉचमनला हाक मारतात. ओढाताण नाही, ओरखडा नाही. तिला मी तपासते तेव्हा तिच्या हृदयाचे ठोकेसुद्धा घाबरलेल्या मांजरासारखे पळत नाहीत.

आश्रयगृहातून घेताना लसींची नोंद, नसबंदी झाल्याची खूण, आणि मांजरांच्या एड्स व ल्युकेमिया या दोन विषाणूंची रक्तचाचणी मागा. हे दोन्ही आजार माणसाला होत नाहीत, पण मांजर किती काळ धडधाकट राहील हे त्यावरून कळतं. सात वर्षांच्या पुढचं असेल तर मूत्रपिंडाची रक्त-लघवी तपासणीही करून घ्या.

आईंच्या तब्येतीचं बोलू. आधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना सांगा की घरात मांजर येतंय. ओरखडा परवडतो, चावा नाही. मांजराचा सुळा बारीक असतो, वरून भोक दिसत नाही आणि जंतू खोल स्नायूत, सांध्यात जातात. हात चोवीस तासांत सुजून लाल होतो. चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. ‘घरचंच तर आहे’ म्हणून थांबायचं नाही. रेबीजचं इंजेक्शन घ्यायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या. रोखण्याचा उपाय सोपा आहे: हाताने कधीही खेळवायचं नाही. खुर्चीत बसून लांब काडीला बांधलेली पिसं किंवा दोरी हलवायची, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं. बसल्या जागी होतं आणि मांजराची शिकारीची हौसही फिटते.

दम्याचा किंवा ॲलर्जीचा इतिहास असेल तर केसांच्या लांबीवर जाऊ नका. ज्या प्रथिनाची ॲलर्जी होते ते मांजराच्या लाळेत आणि कातडीत असतं, केस फक्त ते घरभर नेतात. आईंना मांजर असलेल्या एखाद्या घरी तीन-चार वेळा तास-दोन तास बसवून बघा.

टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती बरेच जण घालतात. तो मांजराच्या विष्ठेतून बहुधा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे बाहेर पडतो, आणि बाहेर पडल्यावर निदान एक दिवस गेल्याशिवाय कुणाला लागू शकत नाही. म्हणजे ट्रे रोज साफ केला, मांजराला कच्चं मांस दिलं नाही आणि बाहेर सोडलं नाही की प्रश्न जवळपास मिटतो. केमोथेरपी किंवा स्टेरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर मात्र ट्रे दुसऱ्या कुणीतरी साफ करावा.

ट्रे हाच रोजचा खरा कष्ट आहे. फरशीवर ठेवलेल्या ट्रेसाठी आईंना रोज दोनदा वाकावं लागेल, आणि हे होईना झालं की मांजर ट्रे सोडून दुसरीकडे जाऊ लागतं. म्हणून ट्रे दीड-दोन फूट उंच, न डगमगणाऱ्या स्टुलावर किंवा बाकावर ठेवा. शेजारी खुर्ची असली की बसून साफ करता येतो. निरोगी मांजर तेवढी उडी सहज मारतं. ट्रेमध्ये पसरायचं, गोळे होणारं मातीचं लिटर साफ करायला सोपं, पण दहा किलोची पिशवी आई उचलू शकणार नाहीत. ते पाच किलोच्या पिशवीत मागवा किंवा सोयाबीनच्या चोथ्यापासून बनवलेलं हलकं लिटर घ्या. कामाला येणाऱ्या मावशींशी आधी बोला. त्या नाक मुरडणार असतील तर मांजर आणण्यापूर्वी कळलेलं बरं, आणि करायला तयार असतील तर त्या कामाचे वेगळे पैसे ठरवा.

शाकाहारी घराबद्दल मी ठाम आहे. मांजर दूध-पोळीवर, दहीभातावर जगत नाही. जुन्या वाड्यांतली मांजरं दूधभात खायची हे खरं, पण ती दिवसभर उंदीर, पाली, पाखरं मारायची, पोट त्यावर भरायचं. दुसऱ्या मजल्याच्या बंद फ्लॅटमध्ये ते नाही. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य निसर्गतः प्राणिज अन्नातूनच मिळतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा झिजतो आणि हृदय फुगून दुबळं होतं. 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी टॉरिन आणि मांजरांचा हृदयविकार यांचा संबंध दाखवला, तेव्हापासून तयार खाद्यात ते पुरेसं घातलं जातं. मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा दूधही पचत नाही, जुलाब होतात. तेव्हा आईंना सरळ विचारा: घरात मांजराचं तयार खाद्य, ज्यात कोंबडी किंवा मासळी आहे, ते चालेल का? बऱ्याच शाकाहारी घरांत कोरडे दाणे चालतात. त्याला शिजवण्याचा संबंध नाही, वाटी वेगळी, ठेवण्याचा डबा वेगळा. चार किलोच्या घरकोंबड्या मांजराला दिवसाला 50 ते 60 ग्रॅम पुरतात, म्हणजे महिन्याला दीड-पावणेदोन किलो. बरोबर पाण्याच्या दोन-तीन वाट्या घरात वेगवेगळ्या जागी, कारण दाण्यांवर राहणारं मांजर पाणी कमी पिण्याकडे झुकतं. आईंना हे मनापासून चालणार नसेल तर मांजर आणू नका. त्यांना दुसऱ्या एखाद्या सोबतीचा विचार करता येईल, मांजराला दुसरं पोट मिळणार नाही.

आठवड्याच्या गोळ्यांचा जसा डबा असतो तसाच सात खणांचा डबा दाण्यांसाठी भरून ठेवा. आज दिलं की नाही, हा प्रश्न मग उरत नाही. विसरून दोनदा दिलेलं जेवण हे ज्येष्ठांच्या मांजरांच्या लठ्ठपणाचं मी रोज बघते असं कारण आहे.

घरातली विषं. पहिलं पॅरासिटामॉल. 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणाच मांजराच्या यकृतात तोकडी असते. हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो, श्वास लागतो. थरथरत्या हातातून पलंगाखाली गेलेली गोळी आईंना सापडत नाही, मांजराला सापडते. गोळ्या टेबलाशी बसून, ताटलीवर काढायच्या. दुसरं फिनेल. मावशी रोज त्याने फरशी पुसतात, मांजर त्यावरून चालतं आणि मग पंजे चाटतं. त्यातली फिनॉल वर्गातली द्रव्यंही त्याला बाहेर टाकता येत नाहीत. साध्या साबणाच्या पाण्याने पुसा. कपाटातल्या डांबरगोळ्या काढून टाका. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका. आणि तुम्ही वाढदिवसाला सिंगापुरातून फुलं पाठवत असाल तर गुच्छात लिली नको असं दुकानदाराला सांगा. खऱ्या लिलीचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड दोन-तीन दिवसांत निकामी करतं.

गॅलरी आणि खिडक्या मांजर येण्याआधी बंदिस्त करा. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर चावून फाडतं, म्हणून धातूची घट्ट जाळी बसवून घ्या. कबुतर दिसलं की मांजराला मजल्याचं भान राहत नाही, आणि जबडा तुटलेली, छातीला मार लागलेली मांजरं माझ्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवरूनच जास्त येतात.

सोसायटीची काळजी सोडा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांनुसार सोसायटीला बहुमताचा ठराव करूनही पाळीव प्राणी ठेवायला बंदी घालता येत नाही. पुणे महापालिकेने 2022 मध्ये पाळीव मांजरांचीही नोंदणी सक्तीची केली. फी किरकोळ आहे आणि रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. तेवढं भावाने करून टाकावं.

भावाचं नाव घेतलं ते मुद्दाम. आई उद्या चार दिवस दवाखान्यात राहिल्या तर मांजराकडे कोण जाणार, हे मांजर आणण्याआधी ठरलेलं हवं. चांगलं खातंपितं मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठून ते आजारी पडतं, आणि जाडजूड मांजराला हा धोका अधिक. म्हणजे शेजारी एक किल्ली, भावाकडे एक किल्ली, फ्रिजवर एक कागद: काय खातं, किती, कुठल्या डॉक्टरांकडे जातं, लिटर कुठे ठेवलंय. आणि आईंनंतर ते कुणाचं? मांजराच्या नावे पैसे ठेवता येत नाहीत, ते ज्याच्या घरी जाईल त्या माणसाशी बोलून त्याच्याकडे सोय करावी लागते. हे बोलणं जड आहे, पण आईंशी स्पष्ट बोला. मी बघितलंय की ज्येष्ठांच्या मनात ही काळजी आपल्याआधीच असते, आणि ‘दादा तिला नेईल’ हे एकदा कानावर पडलं की त्या मांजरावर निर्धास्त माया करू लागतात.

आता अचानक भेटीचं. माहेरच्या मांजरांचे किस्से सांगणं म्हणजे आज मांजर हवंय असं म्हणणं नव्हे. दीड वर्षापूर्वी नवरा गेलेली बाई कदाचित पहिल्यांदाच स्वतःच्या वेळेची मालकीण झालेली असते. तिला लेकीकडे सहा महिने जाऊन राहायचं असेल, यात्रेला जायचं असेल. ‘नको गं, अडकून पडायला होतं’ असं त्या म्हणाल्या तर तो संकोच समजून पुढे जाऊ नका, ते उत्तर म्हणूनच घ्या. आणि ‘बघू या’ म्हणाल्या तर फॉस्टरपासून सुरुवात करा. पुण्यात मांजरांचं काम करणाऱ्या संस्थांना अशी घरं सतत हवी असतात. मांजर काही आठवडे आईंकडे राहतं, औषधपाण्याचा खर्च बहुतेक वेळा संस्था बघते, जमलं नाही तर परत देता येतं आणि जमलं तर तेच दत्तक घेता येतं.

तुम्ही सिंगापूरहून पंधरा दिवसांची सुट्टी काढून याल तेव्हाच आणा, पण दिवाळीच्या फटाक्यांचा आठवडा टाळून. पहिले चार-पाच दिवस मांजराला आईंच्या झोपण्याच्या खोलीतच ठेवा. ट्रे, पाणी, खाणं आणि लपायला एक खोका तिथेच. ते पलंगाखाली बसेल, रात्री बाहेर येऊन खाईल. कुणीही वाकून ओढून काढायचं नाही. आईंनी पलंगावर बसून नेहमीसारखं वाचावं, पोथी म्हणावी, फोनवर बोलावं, म्हणजे त्यांचा आवाज त्याच्या ओळखीचा होतो. दाणे मोजून ठेवा आणि सकाळी किती उरले ते बघा. दोन रात्री एकही दाणा कमी झाला नाही, किंवा चोवीस तासांत ट्रे ओला झाला नाही, तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.